कोपऱ्याची मिशी

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात आणि कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. आत्या मला ठिणगी म्हणते. आई म्हणते, ठिणगी परवडली, ती निदान लवकर विझते. तेव्हा कॉम्प्युटर लॅबमध्ये भर वर्गात माझं हसं झालं त्या दिवशी माझी काय अवस्था झाली असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

झालं असं की मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, पडद्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय गं? सगळ्या कोपऱ्यांतून रेघा बाहेर का आल्यात?"

"मॅडम, ती मिशी आहे," मी म्हटलं.

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. शेजारी बसणारा बगळ्या तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. मला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. मला वाटत होतं, कोपऱ्याच्या मिशीला सगळं जग मिशीच म्हणतं. ती फक्त आमच्या घरातली मिशी आहे, हे मला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला येऊन, चारचौघांत कळलं.

मिशी म्हणजे काय ते सांगते. माझी आत्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. हाताने, मोठ्या तिरक्या बोर्डावर, टी-स्क्वेअरची लांब पट्टी आणि पेन्सिल घेऊन. बाई असली तरी तिला तिथे ड्राफ्ट्समनच म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. तिचं म्हणणं, दोन रेघा कोपऱ्यात भेटतात तेव्हा त्यांना नेमकं तिथेच थांबवलं, तर कोपरा भित्रा दिसतो. दोघींनाही जराशी मोकळीक द्यायची, एकमेकींना ओलांडून थोडं पुढे जाऊ द्यायचं, म्हणजे कोपरा कसा टणक दिसतो. ते जे रेघांचं टोक बाहेर राहतं, ती मिशी. "मिशी ठेव गं कोपऱ्याला," असं ती मला सारखी सांगायची. मी तेव्हा स्टुलावर उभी राहून काढायचे, कारण माझा हात बोर्डाला पोचायचा नाही.

आणि माझं चुकलं की ती म्हणायची, "सरक."

एवढंच. कमरेने मला हळूच बाजूला ढकलायची, पेन्सिल घ्यायची आणि सर्रकन रेघ ओढायची. मी आ वासून बघत राहायचे. तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नसेल तितक्या वेळा ते 'सरक' ऐकलंय. मी आर्किटेक्चरला आले ती त्या 'सरक'पायीच, असं म्हटलं तरी चालेल.

पण गेली काही वर्षं आत्या 'सरक' म्हणत नाही. तिचा हात हलतो. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. ब्लाउजची हुकं आई लावून देते आणि दोघी तेवढ्या वेळात मुद्दाम दुसऱ्याच कुणाची तरी निंदा करतात, म्हणजे हुकांकडे लक्ष जायला नको. औषधं चालू आहेत, त्यांनी थोडं बरं वाटतं, पूर्ण नाही. तिच्या खोलीतल्या बोर्डावर आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. तो बोर्ड कपडे ठेवायला किती सोयीचा आहे, हे आम्ही सगळे एकमेकांना अधूनमधून सांगतो.

तर ती मिशी.

मॅडमनी हसणाऱ्यांना दटावलं आणि माझा माउस हातात घेतला. त्या वाईट नाहीत, पण त्यांना लाडीगोडी जमत नाही. "आता ही भिंत वर उचलून दाखव," त्या म्हणाल्या.

मी सपाट नकाशातून भिंत उभी करायची कमांड दिली. भिंत काही उठेना. पुन्हा दिली. ढिम्म. गेल्या परीक्षेत हेच झालं होतं, आणि मी त्या विषयात आपटले होते. तेव्हा मी सगळं खापर कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोडलं होतं.

"बघ," म्हणत मॅडमनी कोपरा मोठा करायला सुरुवात केली. दुरून एकमेकींना चिकटलेल्या दिसणाऱ्या रेघा जवळ जाऊ तशा दूर होत गेल्या. एक बाहेर निघून गेली होती, दुसरी अलीकडेच थांबली होती. आणखी जवळ गेलं तर दोघींच्या मधून हत्ती गेला असता. कागदावर असं कधी होत नाही. कागदावर पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, ती थोडंफार सांभाळून घेते. इथल्या रेघेला जाडीच नाही, त्यामुळे ती काही म्हणून झाकत नाही.

"तू चार रेघा काढल्यास, म्हणजे तुझ्याकडे चार काटक्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "खोका नाही. टोकाला टोक जुळलं नाही तर ह्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं तेच कळत नाही. आणि जिला आतच नाही, ती खोली उभी कशी राहणार? स्नॅप का बंद केलंयस?"

स्नॅप म्हणजे आणखी एक ताप. ते चालू असलं की बाण कोपऱ्याच्या जवळपास गेला तरी उडी मारून नेमका टोकावर जाऊन बसतो. एक छोटा चौकोन लुकलुकतो, की झालं, बसला. बाकी सगळ्यांना त्याचं कोण कौतुक. मला मात्र कुणीतरी मनगट धरून ओढल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, "मॅडम, मला हाताने काढता येतं. मला कुणी धरायची गरज नाही."

"हाताचं कुणी विचारलंय?" त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि आवाज उतरवून बोलल्या, ते जास्त वाईट. "तुझ्या स्केचेसना मी पूर्ण मार्क देते, देते ना? पण हा विषय वेगळा आहे. सोमवारी सबमिशन आहे. तुझ्या माहितीतली कुठलीही एक खोली मोज, काढ आणि उभी करून आण. भिंती, दार, खिडकी, बस. या खेपेला बुडालीस तर पुढच्या वर्गात बसता येणार नाही. मग माझ्याही हातात काही उरणार नाही."

त्या गेल्यावर बगळ्याने मान लांब करून माझ्याकडे बघितलं. त्याची मान आहेच तशी, म्हणून तर बगळ्या. "शिकवू का?" त्याने विचारलं.

त्याची हाताची रेघ बघितली तर रिक्षावाल्याने खड्डे चुकवल्यासारखी जाते. आणि कॉम्प्युटरवर हा वर्गात पहिला! मी म्हटलं, "ज्याला पेन्सिल धरता येत नाही, त्याला इथे सरळ रेघ फुकटात मिळते. तू मला काय शिकवणार, कपाळ?"

"फुकट मिळतेय तर घे की," तो हसत म्हणाला. त्याला राग येत नाही, हा त्याचा मला सर्वात न आवडणारा गुण आहे.

घरी आले ती धुसफुसतच. चपला एकीकडे, बॅग दुसरीकडे. आत्या तिच्या खोलीत खिडकीशी बसली होती. तिला सगळं सांगितलं, मिशीवर वर्ग कसा हसला ते जरा तिखटमीठ लावूनच. मला पक्कं माहीत होतं की ती माझी बाजू घेणार, आणि तिने घेतलीच.

"हसू देत मेल्यांना," ती म्हणाली. "त्यांच्या सात पिढ्यांत कुणी कोपरा बघितलाय का? तू बंदच ठेव ते, काय म्हणतात ते."

"स्नॅप."

"हां, ते. आपला हात तो आपला हात."

इथे तुम्हाला उंदराची गोष्ट सांगायला हवी. आत्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी एक तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, आता यावर काढायचं. आत्याने माउसकडे एकदा बघितलं, पेन्सिली पिशवीत भरल्या आणि म्हणाली, "मी त्या उंदराला शिवणार नाही." आणि तडक घरी. मी ही गोष्ट ऐकत मोठी झालेय. कॉलेजात पहिल्या वर्षी मी ती साभिनय करून दाखवायचे आणि 'शिवणार नाही' म्हणताना मान अशी काही झटकायचे की टाळ्या पडायच्या. माझी आत्या होतीच तशी. मी तिच्या वळणावर गेलेय, असं कुणी म्हटलं की मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

आई तेवढ्यात कामावरून आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांची अक्षरं लावून लावून तिचं डोकं उठलेलं असतं. तिने दारातूनच सगळं ऐकलं होतं. एरवी ती आत्याला ताई म्हणते, पण चिडली की एकदम जुन्या वळणावर जाते.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या त्या मिशीपायी पोरीचं वर्ष जाईल. तिला फूस लावू नका."

मी आईवर डोळे वटारले. आत्या काहीतरी खमंग बोलेल म्हणून मी वाट बघत होते. पण ती खिडकीतून बाहेर बघत बसली आणि एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

खोली कुठली काढायची, याचा मी फार विचार केला नाही. आत्याचीच. तिथला कोपरान् कोपरा मला पाठ आहे. शनिवारी दुपारी मी मोजायची टेप घेऊन गेले. भिंतीची लांबी एकटीने मोजता येत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं. आत्या आपणहून उठली. "आण इकडे. मी धरते," ती म्हणाली.

तिने टोक भिंतीला लावलं आणि मी टेप ताणत दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले. टेप वाजायला लागली. पत्र्याची पट्टी हवेत ताणलेली असली की एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला पोचते, खडखड खडखड. माझ्या बोटांना ती कळत होती. मी आकड्याकडे बघितलं, आकडा मागेपुढे होत होता.

"पंख्याने हलतेय," आत्या म्हणाली.

पंखा बंद होता. मी "हो ना" म्हटलं, अंदाजाने आकडा लिहिला, आणि मग ती चहा करायला आत गेल्यावर टेपचं टोक पलंगाच्या पायाखाली अडकवून सगळ्या भिंती पुन्हा मोजल्या. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की काय सांगू. रागसुद्धा येईना, आणि मला राग आला नाही की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

रविवारी सकाळी मी आत्याच्या खोलीतच बसायचं ठरवलं. खोली डोळ्यांसमोर असलेली बरी. बोर्डावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, बोर्ड आडवा केला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. आत्याने एकदा बोर्डाकडे बघितलं, एकदा लॅपटॉपकडे, आणि नाक मुरडलं. "बसव त्या मेल्याला माझ्या डोक्यावर," ती म्हणाली. पण खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसली.

मी स्नॅप बंद ठेवूनच सुरुवात केली. म्हटलं, हात स्थिर ठेवला, जपून काढलं, की जुळेल. जीव मुठीत धरून पहिला कोपरा काढला. जवळ जाऊन बघितलं तर फट. पुसून पुन्हा काढला. मिशी. पुन्हा काढला, दिसायला अगदी सुरेख, आणि जवळ गेलं की परत तीच बोंब. चारही भिंती कशाबशा काढून कमांड दिली. भिंती उठल्या नाहीत. पुन्हा दिली. मॅडमचं ते 'आत कुठलं आणि बाहेर कुठलं' कानात वाजायला लागलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी माउस आपटला.

"खड्ड्यात गेलं! मी सोडते. कॉलेजच सोडते मी. तू नाही सोडलंस? तू एका मिनिटात सोडलंस की! मान वर करून सोडलंस. मला पण नाही करायची ही लाचारी!"

आत्या दोन्ही हातांत कप धरून बसली होती. तिने तो सावकाश खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ठेवताना कपबशी वाजली.

"मी मान वर करून नाही सोडलं गं," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"हात तेव्हाच हलायला लागला होता. थोडासाच. बोर्डावर कुणाला कळायचं नाही. पट्टीला हात टेकलेला असतो ना, पट्टी सांभाळून घेते. रेघ तिच्या कडेकडेने जाते, हात हलला तरी रेघ हलत नाही. मग तो कॉम्प्युटर आला. साहेब म्हणाले, बसा, बघा जमतंय का. मी माउस धरला आणि पडद्यावरचा बाण असा थरथरायला लागला..." तिने हात उचलून दाखवायची गरज नव्हती, तो आपोआप दिसत होता. "एवढा मोठा पडदा. सगळं ऑफिस मागे उभं. पट्टी नाही, कड नाही, टेकायला काही म्हणून नाही. मी हात काढून घेतला. म्हटलं, उद्या सगळ्यांना कळेल. त्यापेक्षा आपणच जावं."

"मग तो उंदीर?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"ते मी घरी येता येता रचलं. तुझ्या बाबाला काहीतरी सांगायला नको का?"

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी जिच्यासाठी झेंडा घेऊन उभी होते, ती भीतीने पळाली होती. आणि माझी आत्या, माझी आत्या, एवढी वर्षं ते एकटीने पोटात ठेवून बसली होती. मला तिचा राग आला नाही. मला तिच्या त्या साहेबाचा राग आला, ऑफिसचा आला, मागे उभ्या राहिलेल्या सगळ्यांचा आला, आणि थोडा माझाही आला, कारण त्या गोष्टीवर मी टाळ्या घेत फिरले होते.

"हाताचं एवढं काय घेऊन बसलीस?" आत्या म्हणाली. "सरळ रेघ माझी कधीच नव्हती. पट्टीची होती. पट्टी काय मी जन्माला येताना घेऊन आले होते? कुणीतरी आयती करून दिली, मी तिला टेकले. एवढंच. तुला बंद ठेव म्हणून सांगितलं ते चुकलंच माझं. तुझी आई बरोबर बोलली. आता मुकाट्याने लाव ते, मनगट धरणारं."

मी लावलं. काय करणार? नाक पुसत पुसत लावलं. मापं टाकून चार कोपऱ्यांचे ठिपके मांडले, पहिली भिंत पुन्हा काढायला घेतली, बाण कोपऱ्याजवळ नेला, तो छोटा चौकोन लुकलुकला आणि रेघ टुणकन टोकावर जाऊन बसली.

"थांब," आत्या म्हणाली. "ते काय झालं?"

"काय?"

"तू तर अलीकडे होतीस. मग ते तिथे कसं गेलं? ओढलं कुणी?"

"स्नॅप. जवळपास नेलं की ते आपलं आपण पकडतं."

"जवळपास म्हणजे किती?"

"म्हणजे, हे एवढ्यात कुठेही." मी बाण कोपऱ्याभोवती इकडेतिकडे फिरवून दाखवला. चौकोन लुकलुकतच राहिला.

"हलवत हलवत नेला तरी?"

"हलवत नेला तरी."

ती पडद्याकडे बघत राहिली. बाहेर कुणाची तरी मोटार चालू होत नव्हती, तिचा घरघर आवाज येत होता. मग आत्याने खुर्ची पुढे घेतली, कमरेने मला हळूच ढकललं आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले.

तिने माउसवर हात ठेवला आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायला लागला. तिने हात झटकन काढला. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होते, अगदी कामात असल्यासारखी. तिने पुन्हा हात ठेवला. बाण थरथरत, अडखळत कोपऱ्याकडे निघाला. चौकोन लुकलुकला. तिने बोट दाबलं आणि ते दोनदा दाबलं गेलं, पडद्यावर भलतीच काहीतरी खिडकी उघडली.

"मेल्या!" आत्या त्याच्यावर ओरडली. मी ती खिडकी बंद केली आणि ब्र काढला नाही. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि बोट एकदाच दाबलं.

बसलं. मग ती दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाली. मागे रेघ ताणली जात होती, तिचं मोकळं टोक वेडंवाकडं हलत होतं, आणि आत्या ओठ दातांत धरून, श्वास रोखून तिला नेत होती. पुन्हा चौकोन लुकलुकला. पुन्हा बोट.

रेघ सरळ होती. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. माउसवरचा हात हलतच होता आणि रेघ हलत नव्हती.

मग तिने तिसरा कोपरा घेतला. चौथा घेतला. शेवटचं टोक पहिल्या टोकाला जाऊन मिळालं तशी आतली जागा फिक्या राखाडी रंगाने भरून आली, म्हणजे त्याला आत कुठलं ते कळलं होतं. भिंतीची जाडी मी भरली, कारण तिला कमांड माहीत नव्हत्या. पण भिंत वर ओढायची वेळ आली तेव्हा तिने माझा हात बाजूला सारला. "माझी खोली आहे," ती म्हणाली. आणि तिने ती ओढली. भिंती जमिनीतून वर आल्या, चारही एकदम, आणि तिचा हात जिथे थांबला तिथे थांबल्या.

"आई गं," आत्या म्हणाली.

मी रडले. सांगायला लाज कसली, चांगली हुंदके देऊन रडले. आत्या नाही रडली. तिला वेळ नव्हता. तिला दार कुठे कापायचं ते विचारायचं होतं.

तेवढ्यात आई आली, हातात दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन, आणि सवयीने बोर्डाकडे वळली. तिथे लॅपटॉप, त्याच्यासमोर आत्या, आणि नाक लाल झालेली मी. आई जागच्या जागी उभी राहिली. ती हुशार आहे, तिला काही सांगावं लागलं नाही. तिचेही डोळे भरले, पण ती आपल्या वळणावर गेली.

"आता हे कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"कुठेही ठेव," आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "बोर्ड रिकामा नाही."

आत्याने काढलेली खोली मी वेगळी जपून ठेवली आणि सबमिशनची खोली पहिल्यापासून माझी मी काढली, स्नॅप लावून, निमूटपणे. दुपारपर्यंत भिंती, दार, खिडकी, सगळं उभं राहिलं. आत्या शेजारी बसून चुका काढत होती आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या. सगळं झाल्यावर तिने मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, "आणि मिशी?"

"मिशी ठेवली की खोली उभी राहत नाही."

"मग भिंतीला कशाला हात लावतेस? बाहेरून चिकटव."

मी तिला जागा करून दिली. जिथे बोर्ड आहे, त्या कोपऱ्यावर तिने बाहेरच्या बाजूने दोन बारीक रेघा लावल्या. कशालाही न जोडलेल्या, कुठल्याच कामाच्या नसलेल्या.

सोमवारी मी खोली पेनड्राइव्हवर घालून लॅबमध्ये नेली आणि मॅडमनी ती चारही बाजूंनी फिरवून बघितली. वरून बघितली, आत शिरून बघितली. भिंती भक्कम होत्या. मी बगळ्याकडे बघितलं, त्याने मान हलवून शाबासकी दिली, आणि मी चक्क घेतली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पास आहेस. पण ह्या एका कोपऱ्यात दोन रेघा राहिल्यात बघ. कापून टाक."

"त्या राहू द्या, मॅडम."

"उगाच मार्क जातील."

"जाऊ देत. ती माझ्या आत्याची मिशी आहे."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मीही हसले, कारण मिशी खरंच मजेदार शब्द आहे. मॅडमनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं, मार्क कापले आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

मी धावतपळत घरी आले. चपला एकीकडे, बॅग दुसरीकडे. कपड्यांचा ढीग माझ्या पलंगावर होता. आत्या बोर्डापाशी बसली होती, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, आणि पडद्यावर आमचं स्वयंपाकघर होतं, तीन भिंतींचं.

"पास झाले!" मी दारातून ओरडले.

"व्हायलाच हवं होतं," ती म्हणाली. "मिशीचे मार्क कापले?"

"कापले."

"कापू देत." तिने वळूनही बघितलं नाही. बाण थरथरत परत पहिल्या कोपऱ्याकडे निघाला होता.

मला दुसऱ्या दिवशीचं काम करायचं होतं, लॅपटॉप हवा होता. मी तिच्याजवळ गेले, कमरेने हळूच ढकललं आणि म्हटलं, "सरक."

ती सरकली नाही.